विश्लेषण : कॅन्सरचे मोठे ऑपरेशन आपल्या जिल्ह्यात का होत नाही? आणि या अंतराची किंमत कोण मोजतो?

मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आसपास फुटपाथवर पथारी टाकून बसलेली कुटुंबे शहराला नवी नाहीत. जवळ फाइल, पिशवीत रिपोर्ट आणि पुढच्या तारखेची वाट. यातली कित्येक कुटुंबे विदर्भ, मराठवाडा, खान्देशातून आलेली असतात, तर बरीच उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून. दरवेळी एकच प्रश्न विचारला जातो : जिल्ह्याजिल्ह्यात सरकारी रुग्णालये, मेडिकल कॉलेजे असताना कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी माणसाला हजार किलोमीटर का यावे लागते? या प्रश्नाचे उत्तर ‘सरकारचे दुर्लक्ष’ एवढ्यावर संपत नाही. काही ऑपरेशने खरोखरच मोजक्या ठिकाणी झालेली बरी असतात. मात्र त्यामुळे होणाऱ्या प्रवासाचा भार आज जवळजवळ पूर्णपणे रुग्णावर पडतो.

प्रश्न केवढा मोठा आहे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात कॅन्सरचे सुमारे १४ लाख ६१ हजार नवे रुग्ण होते. महाराष्ट्राचा वाटा साधारण १ लाख २० हजारांचा. कॅन्सर म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर केमो आणि ‘शेक’ येतो. पण ज्या गाठी शरीरात एकाच जागी असतात, त्या बऱ्या होण्याचा मुख्य मार्ग आजही ऑपरेशन हाच आहे. ‘लॅन्सेट’च्या २०१५ च्या आयोगाने असे मांडले होते की जगातल्या दर १० कॅन्सर रुग्णांपैकी ८ जणांना उपचारादरम्यान कधी ना कधी शस्त्रक्रिया लागते. सुरक्षित, परवडणारी आणि वेळेवर शस्त्रक्रिया मात्र जगातल्या एक चतुर्थांशाहून कमी रुग्णांना मिळते.

यात भूगोलाचा वाटा मोठा आहे. समजा, गडचिरोली जिल्ह्यात भामरागड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या गालाच्या आत बरी न होणारी जखम आहे. भामरागडहून गडचिरोली सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. तिथून नागपूर जवळपास तेवढेच. नागपूरहून रेल्वेने मुंबई आठशे किलोमीटरहून अधिक. म्हणजे एका बाजूचा प्रवास अकराशे किलोमीटरच्या पुढे. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ते वेगळेच.

‘मोठे ऑपरेशन’ म्हणजे नेमके काय?

विदर्भात खर्रा आणि राज्यभर तंबाखू-गुटखा यांमुळे तोंडाचा कॅन्सर फार. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी हा आजार पुरुषांत अग्रभागी आहे. तोच उदाहरण म्हणून घेऊ.

जखम लहान असताना कळली, तर ऑपरेशन तुलनेने सोपे असते. उशीर झाला की गालाबरोबर जबड्याचे हाड आणि मानेतल्या गाठीही काढाव्या लागतात. मग पडलेली पोकळी भरायची असते. त्यासाठी छातीचा स्नायू वळवून लावतात किंवा पायाच्या हाडाचा तुकडा त्वचा आणि रक्तवाहिन्यांसह काढून जबड्यात बसवतात. या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडाव्या लागतात. हे काम आठ-दहा तास चालू शकते. एक टीम गाठ काढते, दुसरी प्लास्टिक सर्जनची टीम चेहरा पुन्हा उभा करते.

म्हणजे नुसता एक चांगला सर्जन असून भागत नाही. अनुभवी भूलतज्ज्ञ लागतो, आयसीयू लागते, रक्तपेढी लागते, ऑपरेशन चालू असतानाच तुकडा तपासून ‘कडेला कॅन्सर उरला का’ हे सांगणारा पॅथॉलॉजिस्ट लागतो. नंतर गिळायला आणि बोलायला शिकवणारा थेरपिस्ट लागतो. स्वादुपिंड, अन्ननलिका, यकृत, हाडाचा कॅन्सर, लहान मुलांच्या गाठी यांचेही असेच आहे.

मग प्रत्येक जिल्ह्यात कॅन्सर सर्जन नेमला तर?

कागदावर हे सोपे वाटते. पहिली अडचण माणसांची. कॅन्सर सर्जन व्हायला एमबीबीएसची साडेपाच वर्षे, एमएसची तीन आणि एमसीएचची आणखी तीन वर्षे जातात. इतके शिकलेला डॉक्टर, जिथे भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोनदाच येतो आणि आयसीयूत नर्स पुरेशा नाहीत, अशा ठिकाणी टिकत नाही. तिथे तो शिकलेले काम करूच शकत नाही.

दुसरी अडचण लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. ती आहे सरावाची. अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या नोंदी तपासून झालेला एक अभ्यास २००२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. स्वादुपिंडाचे ऑपरेशन वर्षाकाठी जेमतेम एखादे करणाऱ्या रुग्णालयांत ऑपरेशनशी संबंधित मृत्यूचे प्रमाण १६.३ टक्के होते. वर्षाला १६ हून अधिक करणाऱ्या रुग्णालयांत ते ३.८ टक्के होते. आजार तोच, ऑपरेशन तेच, आणि फरक चौपट. अन्ननलिकेच्या बाबतीतही मोठा फरक दिसला. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनमध्ये मात्र हा फरक बराच कमी होता.

कारण समजायला अवघड नाही. अवघड ऑपरेशनमध्ये जीव बहुतेकदा टेबलवर जात नाही, तो चौथ्या-पाचव्या दिवशी जातो. आतड्याचा जोड गळतो, ताप चढतो, नाडी वाढते. रोज असे रुग्ण पाहणाऱ्या वॉर्डातली नर्स हे तासाभरात ओळखते. जिथे वर्षातून एकदाच असा रुग्ण येतो, तिथे एक दिवस वाया जातो आणि तो दिवसच महागात पडतो.

म्हणूनच नेदरलँड्ससारख्या देशाने ठरवले की अन्ननलिका किंवा स्वादुपिंडाची ही ऑपरेशने करायची असतील, तर रुग्णालयाने वर्षाला किमान २० केली पाहिजेत. तेवढी होत नसतील तर रुग्ण दुसरीकडे पाठवायचा. पण नेदरलँड्स म्हणजे सुमारे ४१ हजार ५०० चौरस किलोमीटरचा देश. एकट्या गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४ हजार ४१२ चौरस किलोमीटर आहे. तीन गडचिरोली एकत्र केल्या की नेदरलँड्स होतो. तिथे ‘दुसरीकडे’ म्हणजे दीड-दोन तासांचा प्रवास. इथे तो दीड-दोन दिवसांचा होतो. तिथला नियम इथे जसाच्या तसा आणला आणि प्रवासाची सोय केली नाही, तर दूरचा रुग्ण चांगल्या रुग्णालयात जाण्याऐवजी घरीच बसेल.

अंतरामुळे उपचारात काय बिघडते?

पहिली गोष्ट उशीर. २०२० मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार ऑपरेशनला दर चार आठवड्यांचा उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. दूरच्या रुग्णाचा उशीर एकाच ठिकाणी होत नाही. आधी गावातले औषध, मग तालुक्याचा दातांचा डॉक्टर, मग जिल्ह्याला तुकडा तपासणी, तिचा रिपोर्ट, मग पैसे जमवणे, पेरणी किंवा कापणी उरकणे. मोठ्या रुग्णालयात पोहोचल्यावर तिथली रांग वेगळी.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते : अंतर पाहून उपचारच बदलतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये लवकर निदान झाले तर फक्त गाठ काढून स्तन वाचवता येतो. पण त्यानंतर सहसा रेडिएशन घ्यावे लागते, आठवड्याला पाच दिवस, असे तीन ते पाच आठवडे. ज्या बाईच्या गावापासून रेडिएशनचे मशीन दोनशे किलोमीटरवर आहे, घरी लहान मुले आहेत, ती म्हणते, ‘पूर्णच काढून टाका, पुन्हा पुन्हा यायला जमणार नाही.’ कागदावर हा रुग्णाचा निर्णय असतो. प्रत्यक्षात तो एसटीच्या वेळापत्रकाने घेतलेला असतो.

तिसरी गोष्ट घरी परतल्यानंतरची. टाके पिकले, नळी निघाली, गिळता येईनासे झाले, तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरकडे फक्त इंग्रजीतला डिस्चार्ज कागद असतो. तो हात लावायला बिचकतो आणि म्हणतो, ‘जिथे ऑपरेशन केले तिथेच जा.’ पहिली दोन वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीला जायचे असते. ‘आता बरे वाटते’ म्हणून दूरचे रुग्ण तिथेच थांबतात. आजार उलटला तर तो उशिरा कळतो.

योजनेत ऑपरेशन मोफत आहे, मग पैसे कशाला लागतात?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि २०२३ मध्ये ती राज्यातल्या सर्वच कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय झाला. कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन त्यात येतात. ही फार मोठी सोय आहे. पूर्वी ऑपरेशनच्या बिलातच शेत जायचे.

पण योजना रुग्णालयाच्या दाराच्या आत चालते. दाराबाहेरचा खर्च वेगळा. नाव नोंदवायला एक फेरी, तपासण्यांना दुसरी, भुलीच्या ‘फिटनेस’साठी तिसरी, मग ऑपरेशन, मग टाके आणि रिपोर्ट. सोबत किमान एक माणूस. दोघांची मजुरी बुडते. मुंबईत महिनाभर राहायचे तर खोलीचे भाडे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातले नाही. योजनेच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतर घरी परतण्याचे एकदाचे भाडे धरलेले असते. येण्याचे, राहण्याचे आणि पुढच्या दहा फेऱ्यांचे नाही.

रेल्वेची सवलत मात्र चांगली आहे. उपचार किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि एसी थ्री टियरमध्ये पूर्ण भाडेमाफी आहे, सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. पण सवलत म्हणजे आरक्षित जागा मिळेलच असे नाही, आणि ज्या तालुक्यांत रेल्वेच नाही, तिथल्या लोकांना आधी गाडी करून स्टेशन गाठावे लागते.

मुंबईत राहण्याचा भार आजवर संस्थांनी उचलला. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, मुलांसाठी सेंट ज्यूड यांसारखी केंद्रे नसती तर कित्येकांचे उपचार अर्धवट राहिले असते. २०२१ मध्ये म्हाडाच्या १०० सदनिका टाटा रुग्णालयाला देण्याचा निर्णय झाला, स्थानिक रहिवाशांच्या हरकतीनंतर त्याला स्थगिती आली आणि मग दुसरी जागा देण्याचे ठरले. कॅन्सर रुग्णाच्या निवाऱ्याची जबाबदारी नक्की कोणाची, हे आपण अजून ठरवलेले नाही, हेच त्यातून दिसले.

महाराष्ट्रात मुंबईबाहेर काहीच नाही का?

तसे नाही. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय अनेक वर्षांपासून आहे. तिथेच राष्ट्रीय कर्करोग संस्था २०२३ मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झाली. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय मराठवाड्याचा आधार आहे. मिरज, लातूर, कोल्हापूर, नाशिक इथेही कॅन्सरची रुग्णालये आहेत. आता गंभीर आजार म्हटले की ‘टाटाला जा’ हा एकच सल्ला बरोबर नसतो.

बार्शीचे उदाहरण तर आवर्जून सांगण्यासारखे आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालय आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. या कामात कार्यकर्ते गावोगावी जाऊन लक्षणे समजावून सांगत. काही वर्षांत दिसले की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या. लवकर आलेला रुग्ण म्हणजे छोटे ऑपरेशन, आणि छोटे ऑपरेशन जवळ होऊ शकते. अंतर कमी करण्याचा हाही एक रस्ता आहे.

सीमेवरच्या लोकांचा नकाशा तर राज्याच्या रेषा मानत नाही. सावंतवाडी, दोडामार्गचे लोक गोव्यात बांबोळीला जातात, चंदगडचे बेळगावला, नंदुरबारचे सुरतेला, सिरोंचाचे तेलंगणात. २०१८ मध्ये गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात शुल्क लावले, तेव्हा सिंधुदुर्गात मोठी नाराजी झाली. गोव्याचेही म्हणणे होते की आमच्या लोकांसाठीची खाटच पुरत नाही. दोन राज्यांमध्ये खर्चाचा हिशेब आधी ठरलेला नसला की मधल्या मध्ये रुग्ण अडकतो.

इतर राज्यांनी काय केले?

पंजाबच्या मालवा भागातून राजस्थानात बिकानेरला जाणारी गाडी लोकांमध्ये ‘कॅन्सर ट्रेन’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली होती. नंतर संगरूरला टाटा मेमोरियलचे केंद्र आले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मुल्लांपूरच्या मोठ्या रुग्णालयाचे उद्घाटन झाले. वाराणसीतल्या केंद्रांनी पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या अनेकांची मुंबईची फेरी वाचवली.

आसामने वेगळी रचना निवडली. राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून १७ केंद्रांची तीन स्तरांची योजना आखली. त्यातल्या सात रुग्णालयांचे उद्घाटन एप्रिल २०२२ मध्ये झाले. कल्पना अशी की निदान, केमो, रेडिएशन हे जिल्ह्याच्या पातळीवर. अवघड शस्त्रक्रिया वरच्या स्तरावर. आणि सगळ्यांची उपचारपद्धती एकच.

महाराष्ट्र सरकारचा आराखडा काय आहे?

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने असेच त्रिस्तरीय कॅन्सर उपचार धोरण मंजूर केले. १८ रुग्णालयांमधून उपचार देण्याची ही योजना आहे. शिखरावर टाटा मेमोरियल, मधल्या स्तरावर नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, नाशिक यांसारख्या शहरांतली रुग्णालये आणि तिसऱ्या स्तरावर निवडक ठिकाणची केंद्रे. हे चालवायला ‘महाकेअर फाउंडेशन’ नावाची कंपनी आणि सुरुवातीला १०० कोटींचा निधी ठरला आहे.

केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रे उभारण्याची घोषणा केली. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. डे-केअर केंद्रात केमोचे सलाइन लावून संध्याकाळी घरी जाता येते. तिथे ऑपरेशन होत नाही. त्यामुळे केमोच्या फेऱ्या वाचतील, पण शस्त्रक्रियेचा प्रवास तसाच राहील.

मग कोणते ऑपरेशन जवळ आणि कोणते लांब?

सर्वसाधारणपणे, स्तनाचा कॅन्सर, तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर, मोठ्या आतड्याच्या साध्या गाठी यांसारखे वारंवार दिसणारे आजार विभागीय पातळीवर चांगले हाताळता येतात. रुग्णसंख्या जास्त असल्याने तिथे हातही बसतो. स्वादुपिंड, अन्ननलिका, यकृत, हाडाच्या आणि मऊ ऊतींच्या गाठी, लहान मुलांचे कॅन्सर यांसाठी लांब जाणे फायद्याचे ठरते.

पण लांब जायचे ते फक्त ऑपरेशनपुरते. तपासण्या, तुकडा तपासणी, स्कॅन जिल्ह्यात किंवा विभागात व्हावेत. रिपोर्ट ऑनलाइन पाठवून तज्ज्ञांचे मत आधीच घ्यावे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आज ३०० हून अधिक केंद्रे आहेत. अवघड रुग्णांवर दूरस्थ चर्चा करण्याची सोय त्यात आहे. रुग्ण मुंबईत किंवा नागपुरात पोहोचेल तेव्हा त्याच्या हाती ऑपरेशनची तारीख असावी, नुसता केसपेपर नव्हे. नंतरची तपासणी पुन्हा जवळच.

नव्या धोरणाची परीक्षा इथेच होणार आहे. इमारती दिसतात, त्यांचे उद्घाटन करता येते. मधल्या स्तरावरच्या रुग्णालयात वर्षाला कोणती किती ऑपरेशने झाली, त्यांचे निकाल काय, निदानापासून ऑपरेशनपर्यंत किती दिवस गेले, आणि हे गडचिरोलीच्या रुग्णासाठी किती व नागपूरच्या रुग्णासाठी किती, हे आकडे जाहीर झाले तरच कळेल की अंतर खरोखर कमी झाले का. आणि ज्यांना लांब जावेच लागेल, त्यांचा प्रवास व निवारा हा उपचाराचाच भाग धरून योजनेत घ्यावा लागेल.

तोवर रुग्ण आणि नातेवाइकांनी काय करावे?

– तोंडातली जखम, स्तनातली गाठ, अंगावरून होणारा अनियमित रक्तस्राव दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर थांबू नये. आशा सेविका किंवा ग्रामीण रुग्णालयातून पुढची चिठ्ठी घ्यावी.

– तुकडा तपासणीची काच आणि ब्लॉक, स्कॅनची सीडी मूळ रुग्णालयातून मागून घ्यावी. नाहीतर तीच तपासणी पुन्हा होते आणि पंधरवडा जातो.

– थेट मुंबई गाठण्याआधी विभागातल्या कॅन्सर रुग्णालयात दाखवावे. ‘हे ऑपरेशन इथे वर्षाला किती होतात?’ हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही.

– योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटावे. रेल्वे सवलतीचे प्रमाणपत्र आणि धर्मशाळेची चिठ्ठी यासाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारावे.

– घरी निघताना डॉक्टरांकडून दोन गोष्टी लिहून घ्याव्यात : कोणते लक्षण दिसले तर लगेच यायचे आणि कोणत्या तक्रारीसाठी गावाजवळचा डॉक्टर चालेल.

भामरागडच्या त्या शेतकऱ्याचे ऑपरेशन उद्या भामरागडला होणार नाही, आणि व्हावे असेही नाही. पण त्याची जखम भामरागडलाच ओळखली जावी, तपासणी गडचिरोलीला व्हावी, ऑपरेशन नागपूरला व्हावे आणि मुंबईला जावेच लागले तर तिथे रात्री डोक्यावर छप्पर असावे, एवढे करणे अशक्य नाही. १८ रुग्णालयांचा आराखडा कागदावरून खाली उतरताना त्याच्याकडे याच नजरेने पाहायला हवे.